तांबे कागदावर आढळले

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा नमस्कार, उभ्यानेच. (दोन दिवस ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत डोकं घालून काम केल्यामुळे पाठ वाकत नाही, आणि जे शरीराला जमत नाही ते पत्रात केल्याचं लिहू नये असं माझं मत आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींकडून कळलं की डॉक्टरांनी जिना चढू नका असं सांगितल्यावर तुम्ही ‘उतरायला हरकत नाही ना?’ असं विचारलंत, आणि उतरता यावं म्हणून आता रोज गच्चीवर जाता. कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? आलं असेल तर वापरा. फोनवर बोलताना तुम्ही पहिलं वाक्य ऐकता आणि उरलेली स्वतः तयार करता, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आई बरी आहे. मी बरी आहे. सात नंबरचा ट्रान्सफॉर्मर बरा नाही, आणि त्याच्यामुळे आमच्या किल्लीकाकांना चोर ठरवून घरी बसवलं आहे. किल्लीकाका म्हणजे स्टोअरकीपर, तुमच्या वेळेपासूनचे. कमरेला जुडगा, एकतीस वर्षांत दोन रजा, त्यातली एक स्वतःच्या लग्नाची. पाच आठवड्यांनी ते निवृत्त होतात. आजपासून आठवड्याने, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे त्यांची सुनावणी आहे. फाटकातून हार घालून बाहेर पडायचं की चोर म्हणून, ते त्या दिवशी ठरेल. आणि त्यांच्यावर हे संकट माझ्या चार ओळींनी आणलं आहे.

त्या चार ओळींचा थोडा वाटा तुमच्याकडेही जातो. गेल्या खेपेस आलात तेव्हा माझा एक अहवाल वाचून तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, “अगं, हे काय लिहिलंयस? माणसाला कळेल असं लिही की. सोपं, चार ओळींत. आमच्या वेळी अहवाल शिपाईसुद्धा वाचायचा.” (शिपाई वाचायचा हे खरं आहे. मी त्याला विचारलं. तो म्हणतो, साहेबांना वाचून दाखवावा लागायचा.) तुम्ही या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काढलीत, मी तुमच्याच खुर्चीवर बसते (तिचा एक पाय आता बदलला आहे), तेव्हा म्हटलं अनुभवी माणसाचं एकदा ऐकून पाहावं.

सात नंबर बारा वर्षं मुकाट्याने चालला आणि एका दुपारी बंद पडला. उघडायला आमच्याकडे आला. क्रेनने आतला गाभा तेलातून वर उचलला, आणि तेल निथळेपर्यंत सगळे खाली हात बांधून उभे राहिले. मग वेटोळी गुंडाळणाऱ्या वाइंडरने तांब्याच्या पट्टीवर गुंडाळलेला कागद एकेक थर करून सोडवायला घेतला. (या वाइंडरला सगळे ‘हम्म’ म्हणतात, कारण तो एवढंच बोलतो. सुरात फरक असतो.) बाहेरचा कागद तपकिरी, चहा सांडल्यासारखा, म्हणजे वयाला शोभेल असा. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्या थरापासून करडेपणा सुरू झाला, आणि तांब्याला बिलगलेल्या शेवटच्या थरावर तर कुणीतरी शिसपेन्सिल आडवी धरून घासावी तशी चकाकी होती. हम्मने तो कागद माझ्यापुढे धरला आणि “हम्म” म्हणाला. हा सूर मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण मामी हे पत्र वाचून दाखवणार असतील तर त्यांच्यासाठी सांगते. ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांवर कागद आणि सगळं तेलात बुडवलेलं असतं. कागदाचं काम एकच, शेजारच्या पट्टीवर वीज उडी मारू नये म्हणून मध्ये उभं राहणं. काही तेलांत गंधकाचा असा एक प्रकार असतो की तो गार असताना सभ्यपणे वागतो आणि तापला की तांब्याला कुरतडतो. त्यातून जे काळं तयार होतं ते कागदात जाऊन बसतं, आणि ते विजेला थोडी थोडी वाट देतं. वर्षानुवर्षं थर चढत जातो. बाहेरून सगळं ठीक दिसतं. एक दिवस कागद वीज अडवायचं सोडून देतो.

मी कागदाचे तुकडे तपासले, त्यात तांबं आणि गंधक मिळालं, आणि तुमच्या सल्ल्याप्रमाणे चार ओळी लिहिल्या. त्या अशा: ‘सात नंबरचे तांबे कागदावर आढळले. बाहेरून काहीच दिसत नाही; आतल्या थरांत प्रमाण जास्त आहे. प्रकार किमान काही वर्षे चालू असावा. संबंधित कागद पुरावा म्हणून जपून ठेवावेत.’

मामा, आता हे परत वाचा, पण मी लिहिलंय हे विसरून. तुम्ही नवीन साहेब आहात असं समजा. हे साहेब आधी साबणाच्या कारखान्यात होते (तिथे वस्तू विरघळली की कंपनीचा फायदा होतो), त्यांना येऊन अडीच महिने झालेत, आणि आल्या दिवसापासून ते कुठेतरी काहीतरी मुरतंय या शोधात आहेत. त्यांनी अहवाल वाचला. त्यांना कळलं ते असं, की सात नंबरचं तांबं फक्त कागदोपत्री आहे, प्रत्यक्षात नाही. आतल्या थरांतली माणसं सामील आहेत. हे अनेक वर्षं चाललंय. आणि ही मुलगी कागदपत्रं जप्त करा म्हणते आहे. माझ्या आजवरच्या एकाही अहवालावर तीन आठवड्यांच्या आत कार्यवाही झालेली नाही. यावर चाळीस मिनिटांत झाली. स्टोअरला सील, किल्ल्या जमा, किल्लीकाका घरी.

मला हे कळलं ते दुपारी तीन वाजता, जेव्हा प्रयोगशाळेच्या दारात चार लोखंडी कपाटांतल्या फायली येऊन पडल्या. सोबत कार्यालयातल्या कारकूनबाई आणि एक चिठ्ठी: ‘कागद तपासून अहवाल द्यावा.’

“कशासाठी तपासू?” मी विचारलं.

“तांब्यासाठी,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच लिहिलंय ना, कागदावर तांबं आहे म्हणून? मोजून घ्या. आठशे बारा फायली. आणि पोच द्या.”

मी पोच दिली. (पोच दिल्याशिवाय त्या बाई कुठूनच हलत नाहीत. गेल्या वर्षी आग लागल्याची कवायत झाली तेव्हाही त्या पोच मागत होत्या.) आणि आदेश लेखी असल्यामुळे एक फाईल नियमाप्रमाणे तपासलीसुद्धा. तीत लोह आढळलं. टाचणी होती.

तशीच साहेबांकडे गेले आणि नीट समजावलं. बारा मिनिटं बोलले, फळ्यावर पट्टी काढली, पट्टीवर कागद काढला. साहेबांना समजलं. मला खात्री आहे समजलं, कारण त्यांचे कान लाल झाले. पण आदेश सहीनिशी निघालेला होता, वरपर्यंत प्रती गेल्या होत्या, आणि साहेबांनी चोर पकडल्याबद्दल वरून शाबासकीचा फोनही येऊन गेला होता. आता चोर नव्हताच म्हणायचं तर शाबासकी परत करावी लागणार. ते म्हणाले, “तुमचं शास्त्र बरोबर असेल हो. पण शास्त्राला निलंबित करता येतं का? समितीसमोर मांडा तुमचं, समिती बघेल.”

समितीत तिघे आहेत. एक साहेब स्वतः, एक कायद्याचे सल्लागार, आणि एक मनुष्यबळ विभागाच्या बाई, ज्या प्रत्येक गोष्टीवर ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारतात. पहिल्या बैठकीत मी त्यांना माहिती दिली. शब्द कळेनात म्हणून सल्लागार म्हणाले, “एखादं उदाहरण द्या ना, रोजच्या आयुष्यातलं.” मामा, मी उपमा वापरत नाही. उपमेत नेहमी मोजमाप चुकतं. पण त्या दिवशी वापरली. म्हटलं, समजा कागद हा दारावरचा रखवालदार आहे. बाहेरून तो गणवेशात उभा दिसतो, पण आतून हळूहळू चोराला सामील झालेला असतो.

तिघांनीही एकाच वेळी लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत ते फाटकावर पोहोचलं. आमच्या रखवालदाराला तुम्ही ओळखता, मिशी आहे. तो आता मला सलाम करत नाही, आणि रोज घरी जाताना माझा डबा उघडून त्यात बोट फिरवतो. “ताई, आम्ही सामील आहोत म्हणे,” तो म्हणाला, “मग नीट सामील होऊ द्या.” काल माझी पाण्याची बाटली उलटी करून पाहिली. ती तांब्याची आहे. त्यावर आमची सतरा मिनिटं चर्चा झाली आणि ती आता सीलबंद पाकिटात आहे.

मग समितीने ठरवलं की तांबं गेलं की नाही याचा सरळ निकाल लावू, वजन करू. सात नंबरची सगळी वेटोळी उलगडली. मालाच्या गाड्यांचं जिथे वजन होतं त्या काट्यावर ठेवली. मूळ नोंदीपेक्षा चार किलो कमी भरलं. “सापडलं,” साहेब म्हणाले. मी सांगितलं की हा काटा दहा किलोच्या खालचं काही खात्रीने सांगू शकत नाही; तुम्ही त्यावर उभे राहिलात आणि खिशातला रुमाल काढलात तरी त्याला कळणार नाही. सल्लागार म्हणाले, “पण चार तर दाखवतोय.” मी म्हटलं, तो काट्याचा अंदाज आहे. ते म्हणाले, “म्हणजे काट्यालाही संशय आहे.” शिवाय मी खरं ते सांगून बसले (ही माझी सवय, आईच्या मते दोष), की थोडं तांबं खरंच कमी झालेलं असणार, ते पट्टीवरून तेलात आणि कागदात गेलंय. “गेलंय हे तुम्ही मान्य करता,” सल्लागारांनी लिहून घेतलं. मनुष्यबळाच्या बाई म्हणाल्या, यातून आपण पारदर्शकता शिकलो.

रविवारी मी किल्लीकाकांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीला रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याखाली चिठ्ठी: ‘पेटी’, ‘वरचा माळा’, ‘सायकल’. काकू पाणी देऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. काका खुर्चीत बसले होते आणि त्यांचा उजवा हात सारखा कमरेशी जात होता, जिथे जुडगा असायचा. मी माफी मागायची म्हणून दोन वाक्यं तयार करून नेली होती. त्यांनी ती बोलू दिली नाहीत. म्हणाले, “ताई, तुम्ही लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार. तुमचं कधी चुकत नाही, मी सगळ्यांना सांगतो. फक्त मी ते कधी नेलं तेवढं सांगा. म्हणजे मला आठवेल.”

मी पेला आतल्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघाले.

सोमवारी सकाळी कामाला लागले. सात नंबरचं तेल एका काचेच्या नळीत घेतलं, त्यात कागद गुंडाळलेली नवी तांब्याची पट्टी ठेवली, नळी बंद केली आणि ओव्हनमध्ये एकशे पन्नास अंशांवर बहात्तर तास ठेवून दिली. (ही रीत तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या वेळी तपासणी थोडी वेगळी होती, पण ओव्हन लागायचाच.) आज सकाळी नळी फोडली. कागद काळा, चकचकीत, सात नंबरचा धाकटा भाऊ शोभावा असा. दुसऱ्या नळीत चांगलं तेल होतं, तिच्यातला कागद कोराच्या कोरा. यात किल्लीकाका कुठेच नव्हते. एवढा स्वच्छ पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. दुपारी समितीपुढे ठेवला. सल्लागारांनी दोन्ही कागद उजेडात धरले, वास घेतला आणि विचारलं, “ओव्हनची किल्ली तीन दिवस कुणाकडे होती?”

ओव्हनला किल्ली नसते हे पटवण्यात पंधरा मिनिटं गेली. मग त्यांनी खरा मुद्दा काढला, आणि तो मूर्ख नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, तेल आज वाईट असेल, बारा वर्षं वापरलेलं आहे, वाईट होणारच. पण ते आलं तेव्हा चांगलं होतं. आमच्याकडे प्रमाणपत्र आहे. आणि त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं: ‘उपद्रवी गंधक – नाही. तेल निर्दोष.’ खाली सही, शिक्का, तारीख. म्हणाले, “तेल निर्दोष म्हटल्यावर दोष माणसाचाच राहतो ना?” साहेब एवढे मनापासून हसले की मला पहिल्यांदाच कळलं, त्यांना किल्लीकाकांचं काहीच वाकडं करायचं नाहीये. त्यांना फक्त आपलं वाकडं होऊ द्यायचं नाहीये.

तर एकंदरीत परिस्थिती अशी आहे. प्रमाणपत्र खोटं ठरलं तर तेल दोषी, आणि काका सुटतात. ते खरं राहिलं तर माझ्या दोन नळ्या कितीही सुंदर असल्या तरी गुरुवारी त्या माणसाला त्याने न केलेली चोरी आठवायला सांगतील, आणि मला भीती आहे की तो प्रयत्न करेल.

बाकी सर्व क्षेम. मामींना माझा नमस्कार सांगा, आणि गच्चीवरून उतरताना कठडा धरा.

तुमची भाची

ता. क. प्रमाणपत्रावरची सही वाचता येत नाही असं सल्लागार म्हणाले. मला येते. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, बाबा फिरतीवर असताना, चार वर्षं तीच सही व्हायची. शेवटच्या अक्षराला ती मागे वळून स्वतःलाच अधोरेखित करते. लहानपणी मी तिची नक्कल करायला शिकले होते, कारण मला ती जगातली सगळ्यांत ठाम सही वाटायची.

ता. क. २. प्रमाणपत्र त्या महिन्याच्या अकरा तारखेचं आहे. ओव्हनची जुनी नोंदवही मी काढली. ओव्हन चार तारखेला दुरुस्तीला गेला आणि पंचवीसला परत आला. दोन्ही नोंदी तुमच्याच अक्षरात आहेत, वेळेसकट. (तुम्ही नोंदी चोख ठेवायचात. त्याबद्दल आभार, ढिलाई केली असतीत तर मला काही कळलं नसतं.) टँकर दारात उभा असेल, वरून घाई असेल, आणि तेल दिसायला स्वच्छ असेल. मला समजतं. त्या वेळी बहुतेक कुणालाच या गंधकाची धास्ती नव्हती, हेही मी मांडीन. पण समिती म्हणते, वहीतली तारीख चुकलेली असू शकते. वहीला उलट प्रश्न विचारता येत नाही. तुम्हाला येतो. म्हणून विनंती अशी, की गुरुवारी अकरा वाजता तुम्ही यावं आणि एकच वाक्य बोलावं: ती तपासणी झाली नव्हती. लिहून पाठवू नका. इथे लिहिलेलं कसं वाचतात ते कळलंच असेल. समितीची खोली तळमजल्यावर आहे, गुडघ्याचं कारण चालणार नाही. कानाचं यंत्र लावून या.

ता. क. ३. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही आलात तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. न आलात तर मी ठरवीन, आणि चार ओळींत सांगणार नाही.

ता. क. ४. वरच्या मजकुरावरून असं वाटेल की तुमचं नाव अजून माझ्यापाशीच आहे आणि तुमच्या उत्तरासाठी मी थांबले आहे. तसं नाही. नोंदवहीची प्रत आणि तुमचं नाव, दोन्ही आज चार वाजता समितीला लेखी दिलं. कारकूनबाईंकडून पोच घेतली आहे. गुरुवारी तुमची गाडी सकाळी सव्वासातला येते. मी फलाटावर असेन, तुम्ही उतरलात किंवा नाही उतरलात तरी.